सतरा नातवंडं, एक आजोबा

लेक आत्ताच झोपलीये. तिची दुपारची झोप चाळीस मिनिटांची. त्यातली पाच मिनिटं मी तिच्याकडे बघत बसते आणि पाच तिच्या मुठीतून माझं बोट सोडवण्यात जातात. उरली तीस. तेवढ्यात सगळं सांगून टाकते. मधेच थांबले तर समजा, उठली.

तर पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करते: तक्त्यांच्या बाबतीत मी वाघीण आहे! म्हणजे होते. बाळंतपणाआधी सहा वर्षं मी एका मोठ्या कंपनीत डेटाबेस सांभाळायचे. कितीही गबाळा तक्ता आणा, मी त्याला आंघोळ घालून, भांग पाडून, पावडर लावून उभा करणार. माझे साहेब म्हणायचे, "हिच्या हातात तक्ता द्या आणि घरी जाऊन झोपा."

पण मुंगी झाली आणि वाघिणीची शेळी झाली. (मुंगी म्हणजे आमची लेक. जमिनीवर सांडलेला बिस्किटाचा कण तिला दहा फुटांवरून दिसतो, म्हणून मुंगी.) मला प्रत्येक गोष्टीची भीती वाटायला लागली. ती शिंकली की भीती, शिंकली नाही की जास्त भीती. तिला कुठेही सोडून जायच्या कल्पनेनेच मी तिला घट्ट कवटाळायचे. शेवटी नवऱ्याने तोडगा काढला. "तिला पाळणाघरात ठेव आणि तूही तिथेच राहा!" तो थट्टा करत होता. मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाळणाघराच्या मोठ्या बाईंना विचारलं, "तुमच्याकडे कॉम्प्युटरचं काही काम आहे का हो?"

काम होतं. मला मागची छोटी खोली मिळाली. खोली कसली, रांगत्या मुलांच्या खोलीला प्लायवुडचं पार्टिशन घालून काढलेली फट. पण त्या प्लायवुडमधून मला मुंगीचं सगळं ऐकू यायचं. हसणं, रडणं, दुसऱ्याच्या हातातलं बिस्किट ओढणं. मी एक कान त्या पार्टिशनला लावूनच टाइप करायचे. पोरं सांभाळणाऱ्या मावशी सगळ्यांना सांगायच्या, "त्या पलीकडे मुंगीचा कान बसतो."

पहिल्याच आठवड्यात मी पाळणाघराचा तक्ता उघडला आणि कपाळाला हात लावला. तेवीस मुलं, आणि एका मुलाच्या ओळीत अख्खं खानदान! मुलाचं नाव, दूध किती, झोपताना काय लागतं, न्यायला येणारी व्यक्ती एक, तिचा फोन, व्यक्ती दोन, तिचा फोन... आणि मुंगीच्या ओळीत माझ्या सासऱ्यांच्या फोन नंबरात एक आकडा कमी!

म्हणजे बघा! उद्या काही झालं तर हे फोन कुणाला लावणार होते? एका आकड्यापायी माझी मुंगी एकटी बसली असती, पाळणाघराला कुलूप लागलं असतं, बाहेर कुत्री भुंकत असती... मी तिथेच रडायला लागले. मग डोळे पुसले आणि ठरवलं. हा तक्ता आजपासून माझा!

"मोठ्या बाई, याला नॉर्मलाइझ करायला हवं," मी म्हटलं.

"आजारी आहे का तो?"

"तसं नाही हो. यात एकच गोष्ट पुन:पुन्हा लिहिलीये. आपण ती एका जागी एकदाच लिहायची. बाकी सगळ्यांनी तिच्याकडे नुसतं बोट दाखवायचं. चूक व्हायला जागाच राहत नाही! मुलांचा तक्ता वेगळा, न्यायला येणाऱ्या माणसांचा वेगळा."

"बोट दाखवायचं," मोठ्या बाई विचारात पडल्या. "पोरांना मी नेमकं तेच करू नका म्हणून सांगते. बरं, तुला कळतं तसं कर."

मुंगीच्या तीन झोपांमध्ये मी ते काम उरकलं. माणसांची जुनी यादी सेहेचाळीस ओळींची होती. मी कॉम्प्युटरला म्हटलं, बाबा रे, यातलं जे जे पुन्हा पुन्हा आलंय ते काढून टाक. त्याने काढलं. किती उरल्या असतील? नऊ! सेहेचाळीसच्या नऊ! मी खुर्चीतल्या खुर्चीत एक गिरकी घेतली. एवढा आटोपशीर तक्ता माझ्या अख्ख्या नोकरीत झाला नव्हता.

त्यावर मी एक देखणा फॉर्मही बांधला. मुलाचं नाव निवडा, समोर न्यायला आलेली व्यक्ती निवडा, ती नोंदीत असेल तर हिरवं बटण, नसेल तर लाल. लाल आलं तर मूल द्यायचं नाही, समोर राजा उभा असला तरी! हे मी काउंटरवरच्या वहिनींना तीनदा बजावलं. वहिनी म्हणजे मोठ्या बाईंची भावजय. कॉम्प्युटरवर त्या एका बोटाने टाइप करायच्या आणि दुसरा हात काळजावर ठेवायच्या. पण शिस्तीच्या पक्क्या. स्क्रीनवर आलं म्हणजे आलं.

"तुमच्या मुंगीपुढे कोण कोण घालू?" त्यांनी विचारलं होतं.

"आजोबा, आजी, बाबा."

"आणि तुम्ही?"

"मी तर इथेच असते, वहिनी! मला कसली नोंद लागते?" आणि आम्ही दोघी केवढ्या हसलो होतो!

दुसऱ्या दिवशी फॉर्मने त्रास द्यायला सुरुवात केली.

सकाळी नऊ वाजता हाक आली. "ताई, आजोबांच्या जागी चार येतंय."

"चार आजोबा?"

"नाही हो, नुसता चार. आकडा. इथे एक बाई नातीला न्यायला आल्यात. त्यांना काय सांगू, तुम्ही तीन आहात म्हणून?"

हे सोपं होतं. तक्ता फोडला की दुसऱ्या तक्त्यात माणसाचा फक्त नंबर राहतो, आणि फॉर्मला सांगावं लागतं की बाबा, नंबर मनात ठेव, तोंडाने नाव घे. मी दोन मिनिटांत सांगितलं. तीनच्या आजी झाल्या. वाघीण जागी होत होती!

साडेदहाला पुन्हा हाक. "ताई, आता फॉर्म हूं की चूं करत नाही. अक्षरच उमटत नाहीये."

तेही बरोबरच होतं. फॉर्मच्या पोटात एकदम दोन तक्ते कोंबले की तो गोंधळतो, कुठल्या ताटात वाढू ते त्याला कळत नाही. मग कुणालाच वाढत नाही. मी फॉर्मच्या आत दुसरा छोटा फॉर्म बसवला. मुलांचं मुलांत, माणसांचं माणसांत. चाललं! मी पार्टिशनला कान लावला. पलीकडे मुंगी खिदळत होती. मला वाटलं, माझ्यासाठीच!

दुपारी एका मुलाचे वडील आले आणि काउंटरवर ओणवे होऊन हळूच म्हणाले, "आमच्या नोंदीतून मामीचं नाव काढा. का ते विचारू नका."

वहिनींनी विचारलं नाही. मामी काढली.

तासाभरात पाच फोन आले. पाच वेगवेगळ्या घरांतून, पाच वेगवेगळ्या मामी. मूल न्यायला आल्या तर सगळ्यांना लाल आलं होतं. "आम्हाला का काढलं?" एक मामी तर रडत होती. "मी काय केलं हो त्याचं? मीच त्याला पहिल्यांदा केळं भरवलं!" वहिनी माझ्या खोलीच्या दारात आल्या, पांढऱ्याफटक. "ताई, मी एकच मामी काढली, शप्पथ! बाकीच्या आपणहून गेल्या."

खरं सांगते, मला तेव्हा शंका आली. एक मामी काढल्यावर पाच कशा जातात? क्षणभर थांबून नीट बघायला हवं होतं. पण तेवढ्यात पलीकडून मुंगीची ओळखीची किंकाळी आली (बिस्किट संपलं), मी धावले, आणि परत आल्यावर घाईघाईत निष्कर्ष काढला: खोडायची सोय दिली, म्हणून वहिनींनी जास्तीचं खोडलं. मी मामी परत टाकली, खोडायचं बटणच काढून टाकलं, आणि वहिनींकडे जरा रागाने बघितलं. बिचाऱ्या वहिनी! त्यांनी दिवसभर पाच मामींची माफी मागितली.

आता तिसरा दिवस. बघते जरा, झोपलीये ना. झोपलीये. श्वास चालू आहे. हो, मी मोजते. हसा.

त्या दिवशी दीडच्या सुमाराला पाळणाघराची पाण्याची मोटर जळाली. मागच्या बोळात करपट वास सुटला. पाणी नाही म्हटल्यावर एवढी पोरं कशी सांभाळणार? मोठ्या बाई दुकानात मेकॅनिक शोधायला गेल्या आणि जाता जाता वहिनींना सांगून गेल्या, "सगळ्यांना मेसेज टाक. आज लवकर बंद."

मेसेजचं बटणही मीच बनवलेलं. एकदा दाबलं की प्रत्येक मुलाच्या पहिल्या माणसाला आपोआप मेसेज. 'आज पाळणाघर तातडीने बंद होत आहे. ताबडतोब येऊन मुलाला घेऊन जावे. मुलाला फक्त नोंद असलेल्या व्यक्तीच्या ताब्यात दिले जाईल.' खाली मुलाचं नाव. 'तातडीने' आणि 'ताबडतोब' हे शब्द माझे. मला काळजी होती ना, लोक उशीर करतील म्हणून.

वहिनींनी बटण दाबलं. मी माझ्या फटीत बसून फॉर्मच्या कडांना निळा रंग देत होते. आणि पार्टिशनच्या पलीकडे काय छान शांतता होती! मी स्वतःशी म्हटलं सुद्धा, आज पोरं किती गुणी झालीयेत. लहान मुलाच्या आईने शांततेला कधीही छान म्हणू नये. हे मला आता कळलंय.

अर्ध्या तासाने फोन वाजला. एका मुलाची आई, दातांची डॉक्टर. आवाज दबका, पाठीमागे कुणीतरी 'आ' वासून घशातून बोलत होतं.

"हॅलो, मला तुमचे सहा मेसेज आलेत."

"एकच मेसेज कधी कधी पुन्हा जातो, मॅडम," मी तोऱ्यात म्हटलं. "नेटवर्कचा दोष. लक्ष देऊ नका."

"पण सहा मेसेजमध्ये सहा वेगळी नावं आहेत. त्यातलं एकच माझं आहे. बाकीची पाच मला कधी झाली?"

मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

हळूच माणसांचा तक्ता उघडला. नऊ ओळी. आई. बाबा. आजी. आजोबा. मावशी. मामा. मामी. काका. आत्या.

देवा!

जुन्या तक्त्यात माणसांची नावंच नव्हती. पाळणाघरात नाव कोण लिहितं? न्यायला कोण येतं, आजोबा. कोण येतं, मामी. संपलं! आणि मी कॉम्प्युटरला काय सांगितलं होतं? पुन्हा पुन्हा आलंय ते काढून टाक. त्याने काढून टाकले. आजोबा सतरा वेळा आले होते, त्याने सोळा आजोबा पुसून टाकले आणि पहिल्या ओळीतला तेवढा ठेवला. पाच मामींची एक मामी. सहा आयांची एक आई, आणि ती आत्ता कुणाच्या तरी दाढेत सुई घालून उभी होती. जगातल्या एकाही आईला वेगळं न ठेवणारा तक्ता! आणि तो एका आईने बनवला होता.

आणि ते सतरा मेसेज? सतराच्या सतरा एकाच आजोबांना गेले असणार! कोण होता आमचा पहिल्या ओळीतला आजोबा?

मी जुन्या तक्त्याची पहिली ओळ शोधायला लागले आणि तेव्हाच पार्टिशनपलीकडची शांतता मला ऐकू आली.

मी धावत पलीकडे गेले. सतरंजी. सतरंजीवर खुळखुळा. एक अर्धं बिस्किट. मूल नाही. एकही नाही. भिंतीजवळचा चपलांचा कप्पा रिकामा. मोठ्या मुलांच्या खोलीत गेले, तीही रिकामी. काउंटरमागे वहिनी सहा मुलांना कोंबडीसारखं जवळ घेऊन बसल्या होत्या. मी सहाही चेहरे बघितले. दोनदा बघितले. त्यांत माझा नव्हता.

"वहिनी, मुंगी कुठाय?"

"गेली की. आजोबा आले होते."

"कुणाचे आजोबा?"

"सगळ्यांचे."

"सगळ्यांचे आजोबा एकदम आले?"

"नाही हो. एकच आले," वहिनी म्हणाल्या. "मलाही जरा नवल वाटलं. मी विचारलंसुद्धा, एवढी सगळी तुमचीच का? ते म्हणाले, आत्ता सगळ्यांची जबाबदारी माझी. मी एकेक नाव टाकून बघितलं ताई, सतरा वेळा! दर वेळी हिरवं आलं. या सहांना लाल आलं, म्हणून यांना काही मी दिलं नाही. राजा आला असता तरी दिलं नसतं!"

मी सासऱ्यांना फोन लावला. निवृत्त घड्याळजी माणूस, बरोबर चारला निघतात, चार दहाला पोचतात.

"बाबा, मुंगी तुमच्याजवळ आहे?"

"नाही गं. अजून सव्वा दोनच वाजलेत. तुझ्याजवळ नाहीये?"

फोनमधून त्यांच्या भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांची टिकटिक ऐकू येत होती. मग ते एवढंच म्हणाले, "निघालो."

मी मागच्या दाराने धावत सुटले. अनवाणी. बोळात करपट वास होता आणि मधोमध एक इवलासा लाल बूट पडला होता. मुंगीचा. डाव्या पायाचा.

तुम्हाला सांगते, त्या क्षणी माणूस मोठं काही आठवत नाही. मला आठवलं ते एवढंच की सकाळी मी तिची नखं कापत होते, उजव्या हाताची झाली आणि ती उठून रांगत गेली. डाव्या हाताची राहिली. उद्या कुणी मला विचारलं की तुमच्या मुलीची काही खूण, तर मी हेच सांगणार होते. साहेब, एका हाताची नखं कापलेली आहेत. एका हाताची राहिलीत. बूट छातीशी धरून मी पळत होते आणि पळता पळता देवाला म्हणत होते, मला एकदा ती नखं कापू दे. मी परत कधीही कुठल्याही गोष्टीला आटोपशीर करणार नाही.

बोळ संपला. पुढे मोकळं मैदान. तिथून शिट्टीचा आवाज आला.

मैदानाच्या अगदी मधोमध, सगळ्या भिंतींपासून लांब, बारा मुलं एका रांगेत उभी होती. प्रत्येकाच्या हातात मावशींच्या लांबच लांब ओढणीचा काठ. शेजारी धुण्याच्या कपड्यांची चाकांची टोपली, तिच्यात पाच रांगती पोरं गाजरांसारखी उभी रचलेली. टोपलीमागे मावशी, घामाघूम. आणि पुढ्यात छाती काढून उभे, शिट्टी तोंडात धरून, आमच्या पहिल्या ओळीतले आजोबा. अग्निशमन दलातून निवृत्त! सगळे त्यांना बंबवाले आजोबा म्हणायचे.

"मोजणी!" ते ओरडले.

मोठी मुलं आनंदाने ओरडली. कुणी 'एक', कुणी 'दहा', एक जण 'हत्ती'.

टोपलीतून मुंगी बघत होती. शिट्टीची दोरी तिच्या तोंडात. एका पायात बूट. स्वारी खूश!

मी झेपावले तर आजोबांनी हात आडवा केला. "थांबा. आपण कोण?"

"मी... मी तिची आई!"

"नाव?"

"आई!" मला दुसरं काही सुचेना.

त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर ढकलला आणि मोठ्याने वाचलं, "'मुलाला फक्त नोंद असलेल्या व्यक्तीच्या ताब्यात दिले जाईल.' या मुलीच्या नोंदीत आजोबा आहे, आजी आहे, बाबा आहे. आई नाही. मी काउंटरवर बघून आलोय."

"अहो, तो फॉर्म मीच बनवलाय!"

"मग नियम आपल्याला ठाऊक असेल," आजोबा म्हणाले. "चौतीस वर्षं आगी विझवल्यात बाई. घरातून काढलेलं मूल पहिल्या रडणाऱ्या बाईच्या हातात द्यायचं नसतं. एका मिनिटात सतरा मेसेज आले मला. तातडीने! ताबडतोब! सतरा! मी आंघोळ अर्धी टाकून आलो. आत पाऊल ठेवतो तर जळका वास. अशा वेळी विचारत बसायचं नसतं, पोरं बाहेर काढायची. चार मिनिटांत काढली. बाकीच्या सहांसाठी आता परत जातोय."

तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. त्यांच्या कानामागे साबणाचा फेस होता.

मावशी मध्ये पडल्या. "अहो आजोबा, द्या तिला. तीच आई आहे. रोज पार्टिशनला कान लावून बसते ती."

"नोंद?" आजोबा म्हणाले.

आणि मुंगीने मला बघितलं. आतापर्यंत खुशाल दोरी चघळत होती, पण आईचा चेहरा दिसला आणि तिला एकदम आठवलं की आपल्यावर अन्याय झालाय. ओठ बाहेर आला. थरथरला. मग असा काही टाहो फोडला की रांगेतल्या पोरांनी कान झाकले. दोन्ही हात माझ्याकडे. शिट्टीसकट आजोबा पुढे ओढले गेले!

आजोबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आडवा धरलेला हात खाली आला. "हं. झाली नोंद," ते म्हणाले. "पण सही करा."

कागद नव्हता. मी त्यांच्या तळहातावर सही केली. मुंगीला उचललं आणि तिने माझ्या मानेवर डाव्या हाताने खसकन ओरखडा काढला. अहाहा! अख्ख्या आयुष्यात मला कशाने एवढं बरं वाटलं नसेल.

तेवढ्यात माझे सासरे आले. घरातल्या सपाता, शर्टाची बटणं एक घर चुकलेली, बारीक धापा टाकत. जन्मात पहिल्यांदा घड्याळ न बघता निघालेले.

"मुंगी!" ते म्हणाले आणि तिचा बिनबुटाचा पाय दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

"आपण कोण?" बंबवाले आजोबा.

"मी तिचा आजोबा."

"तसं कसं? यादीत आजोबा एकच आहे, आणि तो मी."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बुटाकडे बघितलं.

पुढचा तास सांगत नाही, वेळही नाहीये. एवढंच सांगते की मावशींकडे पेन्सिलने लिहिलेली एक वही निघाली. तिच्यात प्रत्येक मुलाचा खरा आजोबा, खरा फोन, आणि पुढे ओळखीची खूण. 'काठी.' 'मोठ्याने बोलतात.' 'खिशात खडीसाखर.' आमच्या सासऱ्यांपुढे लिहिलं होतं, 'चार दहा.' त्या वहीवरून आम्ही एकेकाला फोन केले. साडेतीनपर्यंत मैदान आजोबांनी भरून गेलं. बंबवाले आजोबा वही हातात घेऊन एकेकाची काठी, खडीसाखर तपासून मूल देत होते. दातांच्या डॉक्टरबाई पांढऱ्या कोटात आल्या, स्वतःचं एक मूल घेतलं आणि बाकीच्या पाचांकडे बघून म्हणाल्या, "यांचे दात चांगले आहेत, म्हणून सोडते."

मोठ्या बाई मेकॅनिकला घेऊन परतल्या. सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली.

"म्हणजे तू म्हणालीस, एकच गोष्ट पुन:पुन्हा लिहायची नाही."

"हो."

"आजोबा ही एकच गोष्ट आहे का गं?"

सहा वर्षांच्या नोकरीत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

वहिनींची मात्र मी माफी मागितली. पाच मामींच्या वतीने वेगळी.

दुसऱ्या दिवशी मी सगळं नव्याने केलं. प्रत्येक माणूस वेगळा, नावानिशी, आणि खुणेसाठी मावशींच्या वहीतला एक रकाना. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस ओळी परत आल्या. फॉर्ममध्ये एकाचा फोन बदलला तर एकाचाच बदलतो. मामी काढली तर एकच मामी जाते. मी वहिनींकडून तीसदा ती काढून परत घालून घेतली.

फक्त एक गडबड शिल्लक आहे. तेव्हापासून बंबवाले आजोबा दारात दिसले की मुंगी टाळ्या वाजवते आणि म्हणते, "आबा!" तिचा पहिला शब्द. चौदा महिने सासऱ्यांनी तिच्यासमोर बसून 'आबा, आबा' घोटलं आणि शब्द गेला दुसऱ्याच्या खात्यावर! सासरे दोन दिवस रुसले होते. मग एका संध्याकाळी चार दहाला दोघं एकदम दारात आले, मुंगीने दोघांकडे बोट दाखवून एकच शब्द दोनदा म्हटला, आणि मिटलं. तिच्या नोंदीत मी आता आबा दोनदा घातलेत. पुनरावृत्ती आहे. राहू दे.

आणि हो, सगळ्यात आधी मुंगीच्या पानावर मी स्वतःची नोंद केली. नातं: आई. खूण: पलीकडे कान. फोन नंबर. नीट, हळू, एकेक आकडा बघून. हिरवं बटण आलं तेव्हा डोळे भरून आले माझे! आता कुणीही मला...

काल वहिनींनी काउंटरवरून हाक मारली.

"ताई, रागावू नका हं. पण तुमच्या फोन नंबरात एक आकडा कमी आहे."

थांबा. उठली.